खारा वारा, एक फळी आणि माझं डोकं

करलीकाठ:

'रात्री झोप लागत नाही' या धाग्यावर परवा मी एकच ओळ टाकली होती, की मला विंडसर्फिंगने फरक पडला. त्यावर चार जणांनी विपूत (माझ्या विचारपूस पानावर) विचारलं, म्हणून हा वेगळा धागा. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, तेव्हा शुद्धलेखन आणि पाल्हाळ दोन्ही सांभाळून घ्या.

थोडी पार्श्वभूमी. वय ४६, मालवण तालुका. वीस वर्षं पुण्यात काढली. २०२२ मध्ये बाबा गेले, आई एकटी पडली, म्हणून लॅपटॉप उचलून घरी आलो. पुढे समुद्र, मागे करलीची खाडी, दारात माड. पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, 'तुझं बरंय बाबा, इथे टेन्शन कसलं!' प्रत्यक्षात रात्री अडीचला टक्क जाग यायची, छातीत धडधड, आणि मग उजाडेपर्यंत तेच ते. त्या दिवशी गाडी लवकर काढली असती तर, दुसऱ्या डॉक्टरांना आधी दाखवलं असतं तर. लाटांचा आवाज येत असायचा, पण त्याने काही होत नव्हतं. समुद्राकडे बघत बसलं की मन शांत होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी सहा महिने बसून दाखवावं.

कुडाळला डॉक्टरांकडे गेलो. औषध सुरू झालं, धडधड उतरली, झोप बरी झाली. डोक्यातलं दळण मात्र थांबेना. ध्यानाचे दोन प्रकार करून पाहिले. डोळे मिटले की जात्याला आणखी वेग.

गोव्यातल्या मावसभावाने माझा अवतार बघून मला जवळजवळ ढकलतच तीन दिवस विंडसर्फिंग शिकायला नेलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: एक रुंद फळी, म्हणजे बोर्ड. त्यावर मध्यभागी डोलकाठी, पण ती घट्ट रोवलेली नसते, बुडाशी सांधा असतो, त्यामुळे ती कुठल्याही बाजूला कलते. शिडाला छाती-खांद्याच्या उंचीवर आडवी दांडी, तिला बूम म्हणतात. सुकाणू नाही. शीड पुढे कलवलं की फळीचं तोंड वाऱ्यापासून लांब जातं, मागे कलवलं की वाऱ्याकडे. म्हणजे डोलकाठी, दोर, सुकाणू, नांगर सगळं तुम्हीच.

पहिल्या दिवशी मी तीसेक वेळा पडलो, मग मोजणं सोडलं. शीड पाण्यात पडलेलं असतं, ते दोरीने उपसून उभं करायचं. त्यावर पाणी साठलेलं, म्हणजे विहिरीतून भरलेली कळशी नाही तर भरलेला हंडाच. पाठीने ओढलंत तर संध्याकाळी कंबर धरून चालावं लागतं. गुडघे वाकवून, अंगाच्या भाराने, हळूहळू पाणी निथळू देत ओढायचं. शीड वर आलं की आनंदाने ओरडायचं आणि पाठीमागे पाण्यात पडायचं.

पण त्या तीन दिवसांत एक गोष्ट झाली. पाय पाण्याची हालचाल ऐकत होते, हात शिडातलं वजन तोलत होते, मानेला वारा कळत होता आणि डोळे लांब पाण्यावर. वाऱ्याचा झोत येण्याआधी दिसतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. पाण्यावर काळसर, बारीक शहारे आलेला पट्टा सरकत येतो. तो आपल्यापाशी पोहोचायच्या आत गुडघे वाकलेले असले पाहिजेत. या सगळ्यात दुसरा विचार घुसायला फट उरत नाही. तिसऱ्या दिवशी दीड तासाने बाहेर येऊन वाळूत बसलो आणि लक्षात आलं, गेल्या दीड तासात बाबा एकदाही आठवले नव्हते.

मग खूप रडू आलं. हलकं वाटून नाही, अपराधी वाटून. हे मुद्दाम लिहितोय, कारण असल्या लेखांत 'मन प्रसन्न झाले' एवढंच असतं. मला आधी चोरी केल्यासारखं वाटलं होतं. प्रसन्न वगैरे बरंच नंतर.

नंतर गोव्यातूनच वापरलेला १९० लिटरचा बोर्ड आणि साडेचार चौरस मीटरचं शीड आणलं. (लिटर म्हणजे फळीचं आकारमान. माझं वजन ७४ किलो. शिकाऊ माणसाला मोठी, तरंगती फळीच हवी. लहान, देखणी घेऊन फसू नका.) आता ऑक्टोबर ते मे, आठवड्यातून तीनेक दुपारी खाडीत असतो.

दुसरी गोष्ट हातांची. जोराचा झोत आला की शीड तुम्हाला पुढे खेचतं. माणसाचा स्वभाव असा की तो दांडी आणखी घट्ट धरतो. घट्ट धरली की शिडात आणखी वारा भरतो आणि तुम्ही गोफणीतल्या दगडासारखे पुढे फेकले जाता. करायचं उलट असतं: पुढचा हात तसाच, मागचा हात ढिला. शीड फडफडतं, जोर निघून जातो, फळी उभी राहते. कळायला दोन मिनिटं, अंगवळणी पडायला मला चार महिने. हल्ली रात्री अडीचला जाग आली तर मी आधी बघतो की मुठी आवळलेल्या आहेत का. बहुतेक वेळा असतात.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची, पण जेवायला बोलावणं आलंय. नंतर लिहितो. इथे आणखी कोणी करतं का?

---

बोरिवली_फास्ट:

वाचतोय. 'फळी उभी राहते' ला विरार लोकलच्या दारात उभा असताना मान डोलावली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फोटो टाका.

---

घाटमाथा:

लेखन आवडलं, पण एक शंका. तुम्ही म्हणताय ते कुठल्याही एकाग्रतेच्या कामाला लागू नाही का? माझी आई स्वेटर विणताना टाके मोजते तेव्हा तिलाही काही आठवत नाही. मी सिंहगड चढतो. बुद्धिबळ घ्या. मग हजारो रुपयांची फळी, गोव्याची वारी आणि वर 'समुद्राने मन बरं होतं' हे व्हॉट्सअॅपछाप तत्त्वज्ञान कशाला? समुद्रकाठच्या माणसांना नैराश्य येत नाही असं तर नाही ना.

---

करलीकाठ:

@घाटमाथा, 'समुद्राने मन बरं होतं' हे मी कुठे लिहिलंय ते दाखवा, फळी तुम्हाला भेट :)

स्वेटरबद्दल सहमत. फरक इतकाच की विणताना दळण चालू ठेवून टाकेही मोजता येतात, माझी आई मोजते. फळीवर चुकीचा विचार केला की तिसऱ्या सेकंदाला नाकात खारं पाणी. माझ्यासारख्या निगरगट्ट डोक्याला इतका तातडीचा हिशेब लागत असावा.

---

मनोवेध:

व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ आहे, पाण्याचा अनुभव शून्य. तरी चार शब्द.

करलीकाठ ज्याला दळण म्हणतायत त्याला आमच्याकडे रवंथ म्हणायला हरकत नाही: तोच घास पुन्हा वर आणून चघळणं. नैराश्य आणि चिंता टिकवून धरण्यात याचा मोठा हात असतो. 'विचार करू नकोस' असं सांगून तो थांबत नाही. लक्ष दुसरीकडे पूर्ण गुंतलं तर तेवढा वेळ थांबतो.

मिहाय चिक्सेंटमिहाई या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यचिकित्सक अशांशी बोलून या तल्लीनतेचा अभ्यास केला. त्याचं निरीक्षण असं की काम आपल्या कुवतीहून किंचित अवघड असावं, पुढे काय करायचं ते स्पष्ट असावं आणि बरोबर-चूक ताबडतोब कळावं. फार सोपं असेल तर मन भरकटतं, फार अवघड असेल तर घाबरतं. नाकात खारं पाणी हा 'ताबडतोब कळण्या'चा उत्तम नमुना. तेव्हा घाटमाथा, तुमच्या आईचा स्वेटर आणि ही फळी एकाच कुळातल्या, तुमचं बरोबर आहे. प्रत्येकाला कुठली लागू पडेल ते वेगळं.

पण मला जास्त रस धडधडीत आहे. ज्यांना घबराटीचे झटके येतात त्यांना वेगाने चालणाऱ्या हृदयाचीच भीती बसते. उपचारात आम्ही कधी कधी मुद्दाम जागच्या जागी धावायला लावतो, खुर्चीत गरगर फिरवतो. छाती धडधडते, दम लागतो, आणि काहीही वाईट होत नाही, हे अंगाला कळावं म्हणून. फळीवर हेच रोज होत असणार. छाती तशीच उडते, पण कारण डोळ्यांसमोर असतं आणि दहा मिनिटांत उतरते.

युरोपातल्या थंड पाण्यात पोहण्याच्या फायद्यांबद्दल बरंच फिरत असतं, ते इथे चिकटवू नका. आपलं पाणी उन्हाळ्यात जवळपास ३० अंशांवर असतं, तो थंडीचा झटका इथे नाहीच. व्यायामाचा भाग मात्र खरा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तीन दुपारी दीड-दीड तास म्हणजे तो कोटा पार.

आणि कृपया: औषधं परस्पर बंद करू नका. लिथियमच्या गोळ्यांवर असाल तर भर उन्हात दोन तास घाम गाळण्याआधी डॉक्टरांशी बोला, शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातली लिथियमची पातळी वाढू शकते. झोपेच्या गोळ्यांची गुंगी अंगावर असताना, किंवा फिट्स येत असतील तर, एकट्याने पाण्यात उतरू नका.

---

तांडेल:

वाचून गंमत वाटली. आमचो आजो शिडाची होडी चालवी. तेका कोणी कधी विचारूक नाय, 'बाबा रे, तुझा मन कसा आसा?' समुद्र आमका मनासाठी नाय, पोटासाठी.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आजोबांच्या वेळी इंजिन नव्हतं. पहाटे मतलई वारा जमिनीकडून सुटायचा, त्यावर शीड उभारून बाहेर जायचे. दुपारी खारा वारा समुद्रातून सुटला की त्यावरच परत. शाळेत हे भूगोलाच्या पुस्तकात दोन बाण काढून शिकवतात, आमच्या घरी तो जाण्या-येण्याचा रस्ता होता. आजोबा घरी बोलायचे कमी, पण होडीत बसले की माणूस वेगळा. सुकाणू काखेत, विडी पेटवलेली, तोंडाने वाऱ्याला शिव्या. त्यांना 'तल्लीनता' म्हटलं असतं तर त्यांनी विडी फेकून मारली असती. पण तुम्ही म्हणताय ते हेच असावं.

इंजिन आल्यावर शिडं गेली. आजोबांचं शीड आम्ही पावसात पडवीला झड लागू नये म्हणून बांधायचो. ते त्यांना आवडायचं नाही.

तुम्हा फळीवाल्यांना दोन गोष्टी. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तेव्हा तिच्या घेरात शिरू नका. दोन्ही टोकांनी चाळीस-पन्नास माणसं दोर ओढत असतात, तुमच्या फळीच्या खालच्या पात्याने जाळं फाटलं तर अनेक घरांचा दिवस फुकट जातो. आणि खाडीत खुंटांच्या ओळी असतात, भरतीला बुडतात, दिसत नाहीत. आधी कोणा मच्छीमाराला विचारा. सांगतील. चहा पाजलात तर जास्त सांगतील.

---

बोरिवली_फास्ट:

शिव्या + विडी = माइंडफुलनेस. हसून हसून पुरेवाट. पण शिडाचं वाचून वाईटही वाटलं.

---

सुरंगी:

वेंगुर्ला. मी करते, म्हणजे करायचा प्रयत्न करते. ३९ व्या वर्षी सुरू केलं.

करलीकाठांनी लिहिलेलं सगळं मान्य, पण बाईच्या बाजूने आणखी काही आहे. पहिली अडचण वारा नव्हे, बघे. पुरुष पडला की किनाऱ्यावरचे हसतात आणि विसरतात. बाई पडली की मोबाईल बाहेर येतात. मी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, लांब लेगिंग आणि वर लाइफ जॅकेट घालते, म्हणजे वटपौर्णिमेच्या पूजेपेक्षा जास्त अंग झाकलेलं असतं, तरी. पहिले दोन महिने माझं निम्मं लक्ष किनाऱ्यावर होतं, म्हणून मी जास्त पडायचे. मग एक दिवस सपाटून वारा होता, शीड सांभाळता सांभाळता मी किनारा विसरले. वळून पाहिलं तर माणसं काडीएवढी. तिथे बसून, हो, फळीवर मांडी घालून, शीड पाण्यात सोडून, मी दहा मिनिटं काही केलं नाही. 'आई माझा डबा', 'अगं गॅसवाला आला', काही नाही. घरात मला स्वतःची खोली कधीच नव्हती. ती पाण्यावर मिळाली म्हणा.

सासूबाईंचा पहिला आक्षेप 'काळी पडशील' हा होता. पडले. दुसरा आक्षेप अजून सुचलेला नाही, कारण आता गॅसचा सिलेंडर मी एकटी उचलते.

रडण्याबद्दल. माझं दुसरं बाळंतपण अवघड गेलं होतं, त्यानंतर दोन वर्षं मी अंगाकडे मोडकी वस्तू म्हणून बघत होते. हे अंग ताठ उभं राहून वाऱ्याला धरून ठेवतंय, हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मीही रडले. खाऱ्या पाण्यात एक सोय असते, कोणाला कळत नाही.

---

आजीची_गोधडी:

सुरंगी, +१००. 'स्वतःची खोली' वाचून थांबले.

माझा मुलगा दहावीत, मोबाईलमधून डोकं काढत नाही, चिडचिड फार. अशा मुलांना जमेल का? आणि पुढे यात काही आहे का, स्पर्धा वगैरे?

---

अर्धवट_पोहणारा:

माझा प्रश्न साधा. वय ५२, बीपीची गोळी चालू, विहिरीत पोहायला शिकलो पण समुद्रात कमरेच्या वर पाणी आलं की पाय लटपटतात. ही भीती जाण्यासाठी हे करावं की भीती गेल्यावर करावं?

---

करलीकाठ:

एकेक करून.

@आजीची_गोधडी, स्पर्धा आहेत. विंडसर्फिंग १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, बायकांची वेगळी स्पर्धा १९९२ पासून. पॅरिसला २०२४ मध्ये तर पाण्याबाहेर उचलली जाणारी, खाली पंख असलेली फळी होती. आपल्याकडे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये कांस्य मिळवलं. त्याच स्पर्धेत छोट्या शिडाच्या होडीत रौप्य मिळवणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, भोपाळच्या तलावात तयार झालेली. अवांतर: एवढा लांब किनारा आपला, आणि शिडाचं पदक तलावाला. आपण किनाऱ्यावर बनाना राइड चालवतोय.

पण मुलाला पदकाच्या नादाने पाठवू नका, आणखी एक क्लास होईल. तो किनाऱ्यावर येऊन नुसता बसला तरी चालेल. आमच्या वाडीतली दोन पोरं महिनाभर फक्त शीड गुंडाळायला मदत करायची. एक दिवस स्वतःच म्हणाली, 'आमी बगू?' मोबाईल पाण्यात नेता येत नाही हा भाग फुकटचा.

@अर्धवट_पोहणारा, आधी बीपीचं डॉक्टरांना विचारा. मग पोहणं. शर्यत जिंकायची नाही, पण कपड्यांसकट पाण्यात पडून, न घाबरता तरंगत थांबता आलं पाहिजे. लाइफ जॅकेट कायम. आणि सुरुवात कोणा शिकवणाऱ्याबरोबर, कमरेएवढ्या पाण्यात. भीती जाईपर्यंत थांबलात तर थांबूनच राहाल, पण भीतीला डोळे मिटून उडी मारायला लावू नका. तुमची लटपट शहाणी आहे, ती काय सांगतेय ते ऐकून घ्या. माझी नव्हती शहाणी, त्याची ही गोष्ट.

पहिल्याच वर्षी, नोव्हेंबरात, रात्री पुन्हा झोप नाही. सकाळी साडेसातला वाटलं, दुपारपर्यंत कशाला थांबायचं. खाडीऐवजी समुद्राच्या बाजूला उतरलो. सुंदर गार वारा, पाणी काचेसारखं, फळी अशी सुटली की काय सांगू. दहा मिनिटांनी वळायला गेलो, पडलो, वर पाहिलं तर किनारा बराच लांब. मतलई वारा! तांडेलांचे आजोबा ज्या वाऱ्याने बाहेर जायचे तोच. किनाऱ्याजवळ माडांच्या आडोशाने तो कमी वाटतो, बाहेर गेल्यावर खरा कळतो. माझे हात संपले होते. शीड उपसायचो, दोन हात पुढे जायचो, पडायचो, आणि प्रत्येक पडण्याबरोबर आणखी बाहेर.

एक गोष्ट बरोबर केली, फळी सोडली नाही. किनारा पोहण्याएवढा वाटतो आणि माणसं फळी सोडून पोहायला लागतात, तिथेच जीव जातो. फळी बुडत नाही. शेवटी शीड आडवं फळीवर घेऊन त्यावर पालथा पडून हाताने वल्हवत राहिलो आणि दिसणाऱ्या प्रत्येक होडीकडे दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करत राहिलो. पाऊण तासाने मासे घेऊन येणाऱ्या एका होडीने ओढून आणलं. त्या काकांनी वाटेत एक शब्द काढला नाही. किनाऱ्याला लागल्यावर फक्त म्हणाले, 'आईक सांगून इल्लंस?'

सांगून आलो नव्हतो.

त्यानंतर तीन आठवडे फळीला हात लावला नाही, रात्रीची धडधड परत सुरू झाली, डॉक्टरांकडे गोळी वाढवून घ्यावी लागली. तेव्हा मानसिक फायद्यांच्या धाग्यात हा तोटाही नोंदवून ठेवा. झोप न झालेल्या, विस्कटलेल्या मनाने मी वारा वाचलाच नव्हता. मन दुरुस्त करायला पाण्यात जायचं, पण फार बिघडलेलं असेल त्या दिवशी जायचं नाही, हे मला तेव्हापासून कळतंय. नेमका कुठला दिवस कुठला, हे अजूनही कधी कधी चुकतं. म्हणून आता आईला विचारतो. ती माझ्या तोंडाकडे बघून 'जा' किंवा 'आज नको' म्हणते. बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं.

---

तांडेल:

माका वाटता ते काका कोण ते माका ठावक आसा. आमच्या बाजूचेच. त्यांनी हे वाडीत सगळ्यांना सांगितलंय, फक्त तुम्हाला बोलले नाहीत.

---

घाटमाथा:

हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा आवडला. आता आणखी एक खवचट प्रश्न. वारा नसेल त्या दिवसांचं काय? पावसाळ्यात? मनाची तब्येत अशी वाऱ्यावर सोडायची का?

---

करलीकाठ:

वाऱ्यावर सोडायची का! हा शब्द पळवतो.

सकाळी अर्धवट राहिलेली तिसरी गोष्ट हीच होती. पुण्यात माझा दिवस कॅलेंडरमधल्या निळ्या चौकोनांचा होता. इथे फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारी बारा-साडेबाराला जमीन तापली की खारा वारा सुरू होतो, दोन ते चार जोर, सूर्य कलला की पडतो. डिसेंबर-जानेवारीत कधी नुसताच भास होतो आणि मी शीड बांधून बसून राहतो. पहिल्या हिवाळ्यात याचा संताप यायचा. एवढी तयारी केली, मीटिंग पुढे ढकलली, आणि वारा नाही! कोणावर ओरडणार? तक्रारीचा ईमेल कुठे करणार? हळूहळू शीड बांधून वारा न येणं आणि शीड गुंडाळून घरी येणं हाही दुपारचा एक प्रकार झाला. आई तोवर चहा टाकते.

पावसाळा मात्र कठीण. वारा असतो, भरपूर असतो, पण तो आपला नव्हे. मेच्या शेवटापासून ऑगस्टअखेर जलक्रीडा बंद, इंजिनाच्या होड्यांची मासेमारीही जून-जुलैत बंद. पहिल्या जूनमध्ये मी सपाट झालो. मनोवेध यांनी वर म्हटलंय तसं एकाच खुंटीला सगळं टांगलं होतं (त्यांनी तसं म्हटलं नाही, मी ऐकलं). आता पावसात भातलावणीला जातो, वाफ्यात वाकून रोपं लावताना दळणाला तितकीच कमी फट मिळते. शिवाय समुपदेशकाकडे महिन्यातून एकदा, बारा महिने.

---

मनोवेध:

'तितकीच कमी फट' छान. एका खुंटीचं मी म्हणणारच होतो, ते तुम्ही ऐकलंत हे बरं.

वाचणाऱ्यांपैकी कोणाला आत्ता, या क्षणी फार जड जात असेल तर वाऱ्याची वाट बघू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं.

---

सुरंगी:

वारा नसलेल्या दिवसाचं माझं वेगळं. मी तेव्हा वळण्याचा सराव करते. मंद वाऱ्यात फळीवर डोलकाठीच्या पुढून बारीक पावलं टाकत पलीकडे जायचं, नऊवारी नेसून उंबरा ओलांडावा तसं. जोराच्या वाऱ्यात हे शिकता येत नाही. आणि जोराच्या वाऱ्यात जे लोक वेगाने जाताना देखणे दिसतात ते वळताना धपकन पडतात, हे बघायला मजा येते. (करलीकाठ, तुम्हाला पाहिलंय मी एकदा देवबागला. नाव लिहिणार नाही.)

---

करलीकाठ:

हिरवं शीड का? मीच तो. वळण अजूनही तसंच आहे.

---

अर्धवट_पोहणारा:

डॉक्टरांनी हो म्हटलंय, 'पण झेपेल तेवढंच'. या महिन्यात कुडाळला कामाने येतोय. पाण्यात उतरणार नाही, नुसता बघायला आलो तर चालेल का? कधी येऊ?

---

करलीकाठ:

नुसतं बघायला या, शीड गुंडाळायला लावीन. वेळ तांडेल सांगतील, मी अजून ॲपमध्ये बघतो आणि त्यांच्यापेक्षा अर्धा तास चुकतो.

---

तांडेल:

ॲप कशाक होया? पाऊणकी येता मा? तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. शनिवारी अष्टमी. आठ पाऊण सहा. म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, बाराला ओहोटी. दुपारी दोनला उतरलात तर पाणी आत येत असणार. दमलात, वारा पडला, तरी खाडी तुम्हाला आत घेऊन येईल, तोंडाकडे नेणार नाही. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, पाण्याला ओढ कमी. नव्या माणसाला तोच दिवस बरा. अमावास्या-पुनवेला संगमाच्या बाजूक फिरकू नकात.

---

अर्धवट_पोहणारा:

पाऊणकी चौथीत पाठ केली होती, आज पहिल्यांदा कामाला आली. शनिवारी दोन. काय आणू?

---

करलीकाठ:

जाड तळाच्या, बांधता येणाऱ्या चपला. कातळावर कालवं असतात, अनवाणी उतरलात तर पाय चिरेल. टोपी. पाणी दोन लिटर. आणि घरी सांगून या.